दोन इंचांचे सहा तुकडे

दुर्गेशच्या गच्चीवर तो अँटेना चढला, त्या दिवसापासून मला सकाळचा चहा गोड लागेना.

हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे अठरा वर्षांपासून आहे. दुर्गेशला परीक्षेला मीच बसवलं, मोर्सची कटकट मीच शिकवली. आणि हा हिंगण्याच्या कारखान्यातला फिटर, नागपूरच्या नंदनवन वस्तीत माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा, मलाच ओलांडून पुढे! मी त्याला सांगितलं होतं, साधी तार ताण, सगळे बँड, म्हणजे लहरींचे सगळे पट्टे, चालतील. तर म्हणाला, "सर, मले एकच बँड पाहिजे, पन नीट." आणि त्यानं फक्त दहा मीटर बँडसाठी तीन आडव्या नळ्यांचा अँटेना बनवला. सगळा जोर एकाच दिशेला, दोरीनं फिरवायचा. महिन्याभरात त्याचं जपान, हवाई, चिलीशी बोलणं झालं. माझ्या तारेवर शेजारच्यांच्या मिक्सरची घरघर.

त्यातच बातमी आली. पॅसिफिकमधल्या एका निर्मनुष्य बेटावर काही हौशी मंडळी रेडिओ घेऊन आठ दिवस मुक्कामाला जाणार होती. नागपुरातून त्यांना रेडिओवर गाठणारा पहिला माणूस मीच असायला हवा होतो. दुर्गेश नाही, मी.

म्हणून मीही तसाच अँटेना करायला घेतला. अभिमान गिळून मापं मागितली, त्यानं लगेच कागदावर लिहून दिली. मधे जाड नळी, दोन्ही टोकांत घुसवलेल्या बारीक नळ्या. घरी येऊन माझ्या जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर तिन्ही मापं चार-चार इंच जास्त!

"पाह्यलं?" मी बायकोला म्हणालो. "मुद्दाम चुकीचे मापं देल्ले त्यानं."

मिनल भाजी निवडत होती. "चोराच्या मनात चांदणं," ती म्हणाली. "इचारा नं त्यालेच. काहून एवढे जळून राहिले?"

मी विचारलं नाही. प्रत्येक टोकाचे दोन-दोन इंच करवतीनं उडवले, रिव्हेट ठोकले आणि अँटेना चढवला.

बेट बोलू लागलं. ऐकू येत होतं, पण माझ्या हाकेला ओ नाही. मीटर सांगत होता की निम्मी ताकद अँटेनातून परत येते आहे. बेट ऐकू यायचं ते फक्त सकाळी, आणि दुर्गेशची आठवडाभर सकाळपाळी होती एवढंच माझं नशीब. सहाव्या दिवशी घसा बसला तेव्हा पुन्हा पुस्तक काढलं. तक्त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ही मापं एकसारख्या जाडीच्या नळीची, टोकं बारीक असतील तर लांबी वाढवावी. दुर्गेशनं ती वाढवूनच दिली होती. माझं तोंड कडू झालं.

सातवा दिवस रविवार. दुर्गेशला सुट्टी. साडेसातला त्यानं एकदा हाक दिली आणि बेटानं उत्तर दिलं. एकदाच! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी रेडिओ बंदच करणार होतो, तेवढ्यात तो त्यांना म्हणाला, "थांबा. माझे गुरूही याच शहरातून तुम्हाला बोलावताहेत. जरा त्यांच्यासाठी कान द्या."

बेटावरच्या माणसानं बाकी सगळ्यांना गप्प केलं. "आता फक्त नागपूरचे गुरू," तो म्हणाला.

उत्तर देऊ नये असं फार वाटलं. पण दिलं. तिसऱ्या हाकेला त्याला माझं नाव कसंबसं कळलं. नागपुरातून दुसरा.

तासाभरात दुर्गेश तर्री-पोहे घेऊन हजर. "चला सर, तुमचा अँटेना पाहू," म्हणत थेट गच्चीवर. कठड्याशी ते सहा तुकडे पडले होते. त्यानं एक उचलला, करवतीची कड अंगठ्यानं चाचपली, वर अँटेनाकडे पाहिलं. मी थाप जुळवत होतो.

"सर, उद्या हिंगण्याहून नळ्या घेऊन येतो," तो म्हणाला. "या बारीले सोबत मोजू." आणि तुकडा होता तिथंच ठेवला.

तो चिडला असता तर मी भांडलो तरी असतो. अँटेना तर नळ्या आणून पुन्हा बनवता येईल. पण त्याच्यासारखं मन कुठून आणू? आता मला त्या मनाचाच हेवा वाटत होता, आधीपेक्षा जास्त.

तो गेल्यावर मिनलनं पोह्यांची बशी पुढे केली. "काय म्हनत होता?"

"मापं बरोबर होते त्याचे," मी म्हणालो.