उंदराच्या नावावर खपलेली रिबन

"तुझ्या ताईनं तिसरीत असताना वीस पुस्तकं संपवली होती. आणि तुझा अजून एकच तारा!"

वाचलेल्या पुस्तकामागे एक तारा चिकटवायच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवत लुदिविना म्हणाली. छोटी जोव्हेलिन मान खाली घालून शाळेच्या वाचनालयातून निघून गेली. लुदिविनाच्या मनात काही वाईट नव्हतं. आपण सगळेच असं बोलतो, वाचकहो, घरोघरी, जेवताजेवता बोलतो आणि विसरून जातो.

लुदिविना तर तेवढ्यात विसरलीही, कारण तिच्यासमोर पुस्तकांचं नवं खोकं होतं. नोव्हेंबर हा वाचनाचा महिना. पाचवीसाठी एक कादंबरी निवडायची, सगळ्या वर्गानं ती वाचायची आणि तिच्या लेखकाला फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या या शाळेत पाहुणा म्हणून बोलवायचं. निवड ग्रंथपाल लुदिविनाच्या हातात होती. खोक्यात सगळ्यात वर दोन बहिणींवरची एक कादंबरी होती. लेखिका अंपारो, मनिलात राहणारी लुदिविनाची सख्खी धाकटी बहीण. पोटात दुखायला तेवढं पुरे होतं!

उभ्याउभ्याच तिनं वाचायला घेतलं. चौथ्या प्रकरणात थोरली बहीण कात्री घेते, धाकटीसाठी आईनं शिवलेली रिबन कापते आणि डुकरांच्या डोणीत टाकून देते.

लुदिविनानं ते पान पुन्हा वाचलं. पस्तीस वर्षांपूर्वी तिनं नेमकं हेच केलं होतं. तेव्हा गुणी मुलांची रिबन घरीच शिवायची पद्धत होती, आणि शाळेच्या बक्षीस समारंभात मंचावर आईनं ती स्वतःच्या हातानं लेकराच्या छातीवर लावायची. दरवर्षी अंपारोची रिबन शिवताना आई हाक मारायची, "लुदि, जरा कापड धर गं!" लुदि धरायची. तिची छाती मात्र दरवर्षी रिकामीच! एका वर्षी तिला ते सोसवलं नाही. रिबन सापडेना तेव्हा आईनं उंदराला दोष दिला, तीन दिवस पिंजरा लावला, आणि अंपारो रिबनीशिवाय मंचावर गेली. ते कुणाला कळलं नाही, असं लुदिविना आजवर धरून चालली होती.

"म्हणजे हिला ठाऊक होतं! आणि आता गावभर सांगत सुटलीय!" तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी लोक भेटले की विचारायचे, "तुम्ही त्या लेखिकेची बहीण ना?" आता आपल्याच शाळेत तिची आरती ओवाळायची? लुदिविनानं कादंबरी जुन्या विश्वकोशांमागे सारली आणि निवडीच्या कागदावर एका कासवाच्या गोष्टीचं नाव लिहून टाकलं.

तेवढ्यात काठी टेकत मायेस्त्रा, म्हणजे शाळेच्या जुन्या बाई, इलुमिनादा आल्या. दोघी बहिणींना त्यांनीच शिकवलेलं. निवृत्तीनंतरही त्या रोज दुपारी इथे येऊन बसत.

"लुदि, अंपारोचं पुस्तक आलं म्हणे?"

"नाही आलं अजून, मायेस्त्रा."

"हो का? मग माझं घे." म्हातारीनं पिशवीतून आधी पुतोची, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या केकची, पुडी काढली, मग तीच कादंबरी. "तिनं मला आधीच पाठवलंय."

लुदिविना लाल झाली, आणि मग तिचा बांधच फुटला. "मी नाही निवडणार ते! लहानपणी आईनं तिला डोक्यावर घेतलं, आता जगानं घेतलंय. आईचं आजारपण काढलं मी, आणि पुस्तकात दुष्ट कोण? मीच!"

"किती वाचलंस?"

"चौथ्या प्रकरणापर्यंत. पुढे कशाला वाचू?"

"अर्ध्या पुस्तकावर निकाल देणारी ग्रंथपाल! शाब्बास! आता सातवं वाच. मोठ्यानं वाच, बारीक अक्षर आता मला दिसत नाही."

लुदिविनानं तोंड वाकडं करून सुरुवात केली. सातव्या प्रकरणात धाकटी बोलत होती. 'मनांगनं रिबन कापली ते मी दाराआडून पाहिलं. मी गप्प बसले. माझी मनांग, माझी थोरली बहीण! मी तिच्यावर जळायचे. आई कौतुक माझं करायची, पण मनातलं बोलायची ते मनांगशी. मासळी कुठली आणायची, बाबांना काय कळवायचं, सगळं तिला विचारून. मला नुसती रिबन मिळायची. ती गेली तेव्हा वाटलं, बरं झालं! आता तरी मी आणि मनांग सारख्या झालो.'

लुदिविनानं पुस्तक खाली ठेवलं. "ही माझ्यावर जळत होती? माझ्यावर?"

"दोघी जळलात, आणि काडी लावली ती आम्ही मोठ्यांनी. तुझ्या आईनं लावली, मीही लावली. 'अंपारोकडून शीक जरा,' असं वर्गात मीच म्हणायचे ना? चुकलं माझं. पण तू तर अजून तेच करतेस!" म्हातारीची काठी भिंतीवरच्या तक्त्याकडे वळली. "येताना पाहिलं, जोव्हेलिन पायरीवर बसून बहिणीच्या वहीची पानं फाडतेय; तू काय बोललीस ते तिनंच सांगितलं. ते कुणाच्या नावावर खपवायचं? उंदराच्या?"

"देवा रे!" लुदिविना म्हणाली. ज्या बोलण्यानं आपण होरपळलो, तेच आपण त्या पोरीला ऐकवलं!

मग तिनं तक्ता भिंतीवरून ओढून काढला. बाहेर जाऊन ती जोव्हेलिनच्या शेजारी पायरीवर बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं, बाळा. तुला कसली गोष्ट आवडते?" परत आल्यावर तिनं निवडीच्या कागदावरचं कासव खोडलं.

वाचनाच्या दिवशी अंपारो मंचावर उभी होती. पाहुणीला लावायची रिबन लुदिविनानं आईच्या जुन्या मशीनवर स्वतः शिवली होती. लावताना ती हळूच म्हणाली,

"अंपारो, तेव्हा ती... मीच कापली होती गं. माफ कर मला."

"ठाऊक आहे, मनांग." अंपारोनं रिबन उलटसुलट करून पाहिली. "हिला उंदीर नाही ना लागला?"

दोघी एकदम हसल्या, आणि हसताहसता रडल्या. पोरांना काही कळेना, पण टाळ्या मात्र त्यांनी दणकून वाजवल्या.

वाचकहो, भावंडं एकमेकांची वैरी म्हणून जन्माला येत नाहीत. आपण त्यांना एकमेकांच्या मापानं मोजतो, तिथून जळणं सुरू होतं. लेकराचं कौतुक जरूर करा, भरभरून करा. पण ते दुसऱ्या लेकराला टोचायची सुई म्हणून वापरू नका. नाहीतर अशाच रिबनी कापल्या जातील, आणि आपण वर्षानुवर्षं उंदीर पकडत बसू.