पंखातली शिशाची पेटी

डोळे मिटून एक विमान मनात आणा. आता त्याची शेपटी पुसून टाका, मधलं धडही पुसा. उरेल तो नुसता पंख, आत माणसं बसू शकतील एवढा जाड. असा पंख एल्बे नदीकाठच्या गवतावर धडधडत परत आला, तेव्हा दहा वर्षांच्या वीब्केने बाबांच्या कोटाची बाही पकडली.

वैमानिक टामसेन उतरला आणि त्याने हातमोजे गवतावर टाकले. जमिनीवरून पळतानाच विमान नाक वर करत होतं, वेळेच्या फार आधी.

"शेपटी तुम्ही छाटलीत, आल्डागसाहेब," तो म्हणाला. "आता ते नाक वर करतंय, तर माझ्यावर रागावू नका."

इंजिनियर आल्डाग वही उघडून उभे होते. सकाळी बाराही प्रवाशांना धान्याच्या काट्यावर उभं केलं होतं. बेकरीवाल्या मेटाबाई तर बूट आणि हॅट काढूनच त्यावर चढल्या होत्या. आकडे जुळत होते. शेपटी नसलेल्या विमानात मागे थोडंही ओझं वाढलं तर ते सावरायला काही नसतं, हे आल्डाग रोज बजावत. त्यांनी सुतारांना जवळ बोलावलं.

"मे महिन्यात विमान तोललं, त्यानंतर कोणी आत काही ठेवलंय?"

सुतारांनी माना खाली घातल्या.

हे सगळे सुतार आधी जहाजं बांधत. बांधणाऱ्यांची नावं शिशाच्या पेटीत घालून ती तळाशी बसवल्याशिवाय ते जहाज पाण्यात सोडत नसत. गेल्या रविवारी वीब्केच्या बाबांनी तशीच पेटी पंखाच्या मागच्या कडेला, एका फळीआड बसवली होती. ती उचलायला दोघे लागले. अक्षर चांगलं म्हणून नावं वीब्केने लिहिली होती, आणि कोणाला एक शब्दही सांगणार नाही असं बाबांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं. न विचारता रंगाचा एक जादा हात मारला, म्हणून आल्डागनी एका सुताराला तडकाफडकी कामावरून काढलं होतं.

"रंग ओला असेल अजून," म्हातारा सुतार क्र्योगर पुटपुटला. "ओल्या रंगाला वजन असतं."

वर्तमानपत्रवाले सकाळपासून ताटकळत होते. आल्डागनी वही मिटली आणि पुढच्या खुर्च्या आधी भरायला सांगितलं. टामसेनने हातमोजे उचलले, पण चढवले नाहीत.

मेटाबाईंनी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. त्यांनी सकाळी दिलेल्या पावाची साखर वीब्केच्या बोटांना अजून चिकटलेली होती. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा हातातली टोपी गोल फिरवत होते, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने.

तिने शब्द दिला होता, आणि तो तिने मोडला नाही. बाबांच्या खिशातला पेचकस तिने काढून घेतला. सगळ्यांच्या देखत ती पंखाच्या मागच्या कडेपर्यंत चालत गेली आणि त्या फळीखाली पेचकस वर धरून उभी राहिली. मागून गवतात बाबांची पावलं वाजली, तरी तिने हात खाली घेतला नाही.