स्किलेट क्रीकच्या सोडतीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना कॉफीचा डबा आहे. पत्र्याचा, तांबडा, अंगभर पोचे. सध्या आयोवातल्या एका शेडमध्ये ट्रॅक्टरच्या टायरमागे पडून आहे, पोटात वाकडे खिळे आहेत. सोडत आता यंत्र काढतं. माझ्या कडेला जो काळपट डाग दिसतो त्याला लोक गंज समजतात. तो गंज नाही. माणसाच्या तोंडातलं रक्त आहे ते. तुम्ही लहान आहात म्हणून मी ते लपवणार नाही. लपवालपवीचं काय होतं, तेच तर सांगायला बसलोय.

माझा पत्रा कारखान्यात कापला, वाकवला, त्याला डाक दिला. कॉफी भरून मी एमिल काडलेकच्या स्वयंपाकघरात आलो. एमिल लेथवर काम करायचा. कॉफी संपली त्या आठवड्यात त्याने पोलादाच्या कांबीतून वीस चकत्या कापल्या, प्रत्येकीवर छिन्नीने आकडा ठोकला आणि त्या माझ्यात टाकल्या. त्या चकत्यांना तिथे सगळे ‘गोळ्या’ म्हणत. एमिल मेल्यावर त्याची मुलगी लव्हॉन मला घेऊन शर्यतीच्या फाटकाशी बसू लागली.

स्किलेट क्रीकची शर्यत मातीच्या गोल रस्त्यावर होते. वीस मोटारगाड्या एका घोळक्यात सुटतात. कोण कुठे उभा राहणार हे माझ्या पोटातून ठरायचं. गोळी एक नंबरची आली तर सर्वांत पुढे, वीस नंबरची आली तर सर्वांत मागे. पुढच्याला मोकळा रस्ता मिळतो. मागच्याला रस्ता दिसत नाही, ढेकळं दिसतात. एकोणीस गाड्यांची चाकं त्याच्या तोंडावर पाणी मारून भिजवलेली माती फेकत असतात. मागे उभं राहून बरगड्या मोडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, एकाचा तर मणका गेला. तेव्हा माझ्यात घातलेला हात हा गमतीचा हात नसायचा.

नियम साधे होते. आलेल्या क्रमाने रांग. हात स्वतःचा, उघडा, हातमोज्याशिवाय. लव्हॉन मला डोक्याच्या वर धरायची, म्हणजे आत कुणाला दिसू नये. गोळी वर धरून आकडा ओरडायचा. फाटकाशी रांगेवरून दर शनिवारी डोकी फुटायची, म्हणून मैदानाचा मालक हार्लन स्टंबोने आणखी एक नियम घातला होता, ‘हात गेला की गेला.’ कुणी कुणाला आडवा पाडून आला तरी चालेल, डब्यात हात गेला की सोडत पक्की.

“लव्हॉन, आज तरी दहाच्या आतली दे गं. नाहीतर बायको घरात घेणार नाही.”

“ती तुला एरवी तरी कुठे घेते? घाल हात.”

असं चालायचं. एकमेकांच्या आया-बहिणी काढणारी माणसं माझ्याबद्दल मात्र वाकडं बोलत नसत. लव्हॉनचा डबा म्हणजे खरा डबा. दोन नवऱ्यांनी तिला सोडलं होतं, गावात तिच्या मागे बरंच बोललं जाई, पण शनिवारी फाटकाशी तिला खोटी म्हणणारा कुणी जन्माला आला नव्हता. त्या एका गोष्टीवर ती ताठ उभी होती.

मग हार्लनचा मुलगा रँडल गाडी चालवू लागला.

त्याची पाळी आली की हार्लन बर्फाच्या पेटीतून बीअर काढून यायचा. “अगं, नीट हलव की,” म्हणायचा आणि ओला हात माझ्यात घालून स्वतःच ढवळायचा. तेव्हा माझ्या बुडाला गार चटका बसायचा. सोडतीआधी माझ्यातूनच काढून बर्फात दाबून ठेवलेली गोळी तो माझ्यात सोडायचा. कधी एक नंबरची, कधी दोनची, कधी तीनची. पोलाद गारवा धरून ठेवतं. रँडलची बोटं त्या गार गोळीपर्यंत सरळ पोचायची. लोक म्हणायचे, पोराचं नशीब काय आहे! मला तोंड आहे, जीभ नाही. मी काय करणार?

लव्हॉनचा धाकटा भाऊ डेल्बर्टही तिथे गाडी चालवायचा. तो मात्र एके दिवशी सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, तुझा डबा विकला गेलाय.”

तिने त्याच्या थोबाडीत मारली. “बापाच्या हातचा डबा आहे हा. पुन्हा बोललास तर जीभ हासडेन.” त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना.

हंगामाची शेवटची शर्यत आली. रँडल आणि डेल्बर्ट वर्षभराच्या गुणांत बरोबरीत होते. त्या दिवशी जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता. मक्याच्या शेतातून भट्टीसारखा वारा येत होता. माझा पत्राही तापला होता. रांगेत रँडल पुढे, डेल्बर्ट त्याच्या मागे. हार्लन आला, त्याने मला ढवळलं. गार चटका बसला.

रँडल मागे वळून म्हणाला, “डेल, तू नेहमी मागून बघतोस ना, माझ्या गाडीचा मागचा रंग उडालाय का रे? सांग की.”

डेल्बर्टने त्याच्या नाकावर ठोसा मारला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. रँडल गुडघ्यावर आला, तसा डेल्बर्टने त्याच्या छातीत बूट घातला, त्याला मातीत लोळवलं, त्याच्या अंगावरून पाय टाकून पुढे आला आणि हात माझ्यात घातला.

त्याची बोटं थबकली. मग बाहेर आली.

“एक!”

हार्लनचा चेहरा पांढरा पडला. “मारामारी केलीस तू. हे चालणार—”

“हात गेला की गेला, हार्लन!” अख्खी रांग ओरडली. “तुझाच नियम आहे!”

डेल्बर्टने गोळी बहिणीच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली. तापलेल्या दुपारी तिच्या मुठीत बर्फ होता. इतकी वर्षं तिने आपल्या हातांनी वर धरलेला डबा! मागे रांग ढकलत होती, रँडल रक्त थुंकत उठत होता. त्याने हात घातला, आत चाचपलं, पुन्हा चाचपलं. गार काही लागेना.

“एकोणीस,” तो म्हणाला. ओरडला नाही.

मित्रांनो, आता नीट ऐका. मागे उभं राहणाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या काचेवर प्लास्टिकचे पातळ पापुद्रे चिकटवलेले असतात. माती बसली की एक ओढून टाकायचा. मागचा माणूस ते जपून वापरतो, एका वेळी एकच. हे कुणी शिकवत नाही, माती खाऊन कळतं. रँडलने कधी माती खाल्लीच नव्हती. पहिल्याच वळणावर चिखल बसला तसे त्याने मूठभर पापुद्रे एकदम ओढले. पुढच्या वळणावर काच पुन्हा माखली आणि ओढायला काही उरलं नाही. तो आंधळा झाला. वेगाच्या पेडलवरून पायही उचलेना, कारण वेग कमी करायची त्याला सवयच नव्हती.

त्याचं चाक पुढच्या गाडीच्या चाकावर चढलं. गाडी हवेत गेली, टपावर आदळली, पुन्हा उडाली आणि कुंपणाच्या खांबावर बसली. त्याचा उजवा हात खिडकीतून बाहेर आला होता. टप आणि खांब यांच्यामध्ये तो हात होता. मग पेट्रोल पेटलं.

शर्यत थांबवायला लाल झेंडा हलला. सर्वांत पुढे असलेला डेल्बर्ट गाडी तिथेच टाकून धावला. त्याने पेटत्या खिडकीतून पट्टे कापले, रँडलला काखेत धरून ओढलं. हात सुटेना, तरी ओढलं. रँडलची किंकाळी फाटकापर्यंत आली. तो बाहेर आला. तीन बोटं तिथेच राहिली.

हार्लन जॅकचा दांडा घेऊन धावत आला. पोराकडे गेला नाही. ज्याचे तळवे सोलून निघाले होते त्या डेल्बर्टच्या पाठीत त्याने दांडा घातला. पुन्हा घातला.

“ती गोळी रँडलची होती! त्याच्यासाठी टाकली होती मी! तू चोरलीस, तू त्याला मागे टाकलंस!”

सगळं मैदान हार्लनकडे वळलं.

लव्हॉन मला घेऊनच धावत आली होती. ती हळू आवाजात म्हणाली, “काय टाकली होतीस? पुन्हा बोल, हार्लन. मागच्यांना ऐकू गेलं नाही.”

हार्लनला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. त्याने तोंड उघडलं आणि लव्हॉनने मला त्या तोंडावर हाणलं. गोळ्या पोटात होत्या, मी जड होतो. त्याचे पुढचे दात गेले. तिने पुन्हा हाणलं. मग माझी गरजच राहिली नाही. वर्षानुवर्षं मागे उभी राहिलेली माणसं त्याच्यावर पडली, लोखंडी पाने घेऊन, बूट घेऊन. पोलिसांनी त्याला ओढून काढलं तेव्हा त्याचा एक डोळा कायमचा गेला होता. लव्हॉनने कुणाला थांबवलं नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते त्या पोराचं, ज्याला बापाने पुढे उभं करून करून मारायला नेलं होतं.

मैदान दुसऱ्याने घेतलं. लव्हॉन भावाच्या घरी गेली, दारात उभी राहिली, म्हणाली, “मला एक थोबाडीत मार.” डेल्बर्टने मारली नाही. म्हणाला, “आत ये, मका उकडलाय.”

वसंतात शर्यती सुरू झाल्या. रांगेत रँडल उभा होता. नाक वाकडं, मानेवर भाजल्याचे वण. कुणी वाट दिली नाही, कुणी ढकललंही नाही. मागून एकजण म्हणाला, “आज बाप बर्फ घेऊन नाही आला वाटतं?” दोघे-तिघे हसले.

रँडल लव्हॉनसमोर आला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “उजव्याने जमणार नसेल तर डावा चालेल.”

“आधी डबा उलटा कर,” तो म्हणाला.

“काय?”

“सगळ्यांसमोर उलटा कर. मोजू देत त्यांना. मग भर.”

लव्हॉनने मला टेबलावर उपडं केलं. गोळ्या खणखणत पडल्या. मागून हसणाराच पुढे येऊन मोजू लागला. उरलेल्या सगळ्या होत्या, एकही कमी नाही. तिने त्या भरल्या आणि मला वर धरलं.

रँडलने उजवाच हात घातला. अंगठा आणि करंगळी, मध्ये नुसते खुंट. गोळी धरता येईना, सुटायची, पुन्हा शोधायचा. रांगेत कुणी घाई केली नाही. शेवटी एक गोळी दोन बोटांत आली. त्याने ती वर धरली आणि जोरात ओरडला, “सतरा!”

मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुमच्या हाती कधी आला, तर तो घासून चकचकीत नाही केलात तरी चालेल. पण त्याचं बूड सगळ्यांना दाखवा. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला माती खाऊ द्या.