जतीननं आणलेला फिल्टर

तलासरीच्या अलीकडच्या चढावर दौलतचा टेम्पो खोकला, काळा धूर ओकला आणि म्हाताऱ्या बैलासारखा पाऊल पाऊल टाकू लागला. मागून, मासळीच्या पाट्यांमधून हिराबाई ओरडली, "दौलतभाऊ, उतरून ढकलू का? बाजार उठायच्या आत पोचू तरी!"

"नवी हवा घेतेय गं. सवय नाय अजून."

ही नवी हवा दिवाळीत आली. वापीच्या कारखान्यात कामाला असलेला दौलतचा मुलगा जतीन येताना एक चकचकीत एअर फिल्टर घेऊन आला. टेम्पोचा मूळचा काळा डबा काढून त्यानं तो स्वतःच्या हातानं बसवला. "बघा बाबा, आता कशी पळते." एरवी जतीन घरी सल्ले आणी, वस्तू पहिल्यांदाच आणली. त्यामुळे दौलत थांबेल तिथं बॉनेट उघडी. धाकटी डहाणू या त्याच्या गावातल्या निम्म्या लोकांनी फिल्टरचं दर्शन घेतलं होतं.

पण आता रोज बाजाराला उशीर होऊ लागला. हिराबाईनं सगळ्या बायांच्या वतीनं निकाल सांगून टाकला होता: आज गाडी सुधारली नाही, तर उद्यापासून चिमणचा नवा टेम्पो. होडी विकल्यापासून दौलतला या बायांखेरीज गिऱ्हाईक नव्हतं.

बाजार आटोपून ती जातीनं गॅरेजात हजर झाली. मेकॅनिक प्रितेशनं डिझेल तपासलं, पाइपाचे पट्टे आवळले. धूर तसाच.

"काका, जुना डबा लावून बघू?"

"डबा राहू दे. बाकी सगळं बघ."

प्रितेशनं फिल्टरमागचा, हवा मोजणारा सेन्सर काढला. त्यावर पिवळा चिकट थर होता. त्यानं बोट हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. हिराबाईनं तेच बोट धरून हुंगलं.

"अगो बाई, मुशीचं तेल! होडीला चोपडतात ते!"

मासळीच्या गाडीला मासळीचा वास. इतके दिवस कोणाच्या नाकाला खटकणार?

"फिल्टरला तेल कोणी पाजलं? सगळं सेन्सरवर आलंय. गाडीला हवेचा अंदाजच लागत नाय."

दौलतला आता उमगलं. रोज सकाळी तो चहा पीत असताना त्याची बायको रखमाबाई तेलाची वाटी घेऊन गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी जाई. खारा वारा लोखंड खातो. घरातली कडी, कोयता, शिलाईमशीन, सगळ्यांना तिचा तेलाचा हात ठरलेला. मग लेकानं आणलेलीच वस्तू का गंजू द्यायची?

"मीच लावलं," दौलत म्हणाला.

हिराबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? होडीला तरी लावलंस का रे कधी? तेव्हाही रखमाच चोपडायची." मग प्रितेशकडे वळून म्हणाली, "हो हो, त्यानंच लावलं असेल. आता साफ कर."

सेन्सर साफ झाला, फिल्टर धुऊन, वाळवून परत बसला. "आता थेंबही नको हां काका," प्रितेशनं बजावलं. परतीला टेम्पो एकदाही खोकला नाही. उतरताना हिराबाई म्हणाली, "सकाळी हॉर्न दे. चिमणच्या गाडीत पाय पसरायला मिळत नाय."

दुसऱ्या दिवशी रखमाबाई वाटी घेऊन आली. "बॉनेट उघडा."

दौलतनं दरवाजा उघडला. "बिजागऱ्या कुरकुरतात. आजपासून इथं लाव."

"आणि जतीनचं ते?"

"त्याला भरपूर पोचलं."

तिनं एकेक बिजागरी निगुतीनं माखली. तो इंजिन चालू ठेवून थांबला. जाता जाता तिनं बोटाला उरलेलं तेल बंद बॉनेटवरच पुसलं. आत फिल्टर असेल, त्या अंदाजानं.