ऑर्मरॉडची डुलकी

प्रेस्टनमध्ये कुणी पोट धरधरून मेलं आणि शेजाऱ्यांना त्याच्या बायकोचं तोंड आवडत नसलं, की मेलेल्याचं पोट बरणीत भरून जोसाया ऑर्मरॉडच्या दारी यायचं. संशयास्पद मरणांची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचा शिपाई बरणी फडक्यात गुंडाळून आणी, सही घेई आणि नाकाला रुमाल लावून पळ काढी. त्या पोटांत ऑर्मरॉड सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, शोधायचा, म्हणून गल्लीतली कारटी त्याला पाठीमागे ‘सोमलवाला’ म्हणत. तोंडावर मात्र सगळे मास्तर म्हणायचे, कारण गावातल्या निम्म्याअधिक रंगाऱ्यांना त्यानेच संध्याकाळच्या वर्गात रसायन शिकवलं होतं.

एके काळी त्याला नवा रंग शोधायचा होता, नाव काढायचं होतं. रंग दुसऱ्यांनीच शोधले. ऑर्मरॉडच्या वाट्याला बरण्या आल्या आणि तेजाबाच्या वाफांनी जळलेली छाती. रात्री आडवं झालं की खोकला उसळायचा. मग उशांना टेकून बसायचं, खिडकीतून गिरणीच्या धुराड्यांकडे बघायचं आणि उजाडायची वाट पाहायची. दिवसा जिथे टेकेल तिथे त्याचा डोळा लागायचा. थकवा हा शब्दसुद्धा त्याला आता थकलेला वाटायचा. पण त्याचं काम करणारा दुसरा माणूस गावात नव्हता, आणि काम कुणाच्या थकण्यासाठी थांबत नाही.

ऑगस्टात लँकेस्टरला फौजदारी न्यायालय भरलं होतं आणि त्यापुढे हॅना थ्रेलफॉलचा खटला यायचा होता. हॅना मागावर काम करणारी बाई. तिचा नवरा नेड दोन दिवस ओकून ओकून मेला. तिच्या खिडकीत बशीभर पाण्यात माश्या मारायचा कागद भिजत होता, हे शेजारणींनी पाहिलं होतं. त्या कागदात सोमल असतो हे लँकेशर परगण्यातलं शेंबडं पोरही जाणतं. तरी नुसत्या बशीवर कुणाला फाशी होत नाही. नेडच्या पोटात सोमल सापडला असं ऑर्मरॉडने लिहून दिलं होतं, आणि हॅनाची मान त्या एका वाक्यात अडकली होती.

लँकेस्टरला निघायच्या आदल्या सकाळी ऑर्मरॉड ओटची लापशी ढवळत बसला होता. त्याची बायको टॅबिथा त्याच्या काळ्या कोटावर ब्रश मारत होती.

“उद्या कोर्टात पेंगू नका म्हणजे मिळवली,” ती म्हणाली. “त्या रविवारसारखं तोंड उघडं टाकून बसलात, तर जज्ज तुम्हालाच आरोपीच्या पिंजऱ्यात घालायचा.”

“कुठल्या रविवारी?”

“घ्या! नेडची बरणी लावून बसला होतात ना, तोच.”

“डोळा मिटला असेल क्षणभर.”

“क्षणभर म्हणे! जेवून जे गेलात ते संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तरी पत्ता नाही. चहा घेऊन आले तर तुम्ही आपले घोरताय. म्हटलं, रात्रभर खोकून जीव मेटाकुटीला आलाय माणसाचा, झोपू दे. चहा मीच पिऊन टाकला.”

ऑर्मरॉडने चमचा खाली ठेवला. “दिवा चालू होता?”

“कुठला दिवा?”

“नळीखालचा. गॅसचा.”

“चांगला भगभगत होता. का? काय झालं?”

तो उठला आणि परसातल्या धुण्याच्या खोलीकडे गेला. त्या खोलीत धुणं कधीच धुतलं जात नसे. तिथे त्याची प्रयोगशाळा होती.

सोमल शोधायची रीत त्याला झोपेतही पाठ होती. बाटलीत जस्ताचे तुकडे घालायचे, वर गंधकाचा तेजाब ओतायचा. बुडबुडे सुटतात, वायू निघतो. तो काचेच्या बारीक नळीतून न्यायचा आणि नळीला मधोमध दिव्याची आच द्यायची. वायूत सोमल असेल तर आचेच्या पुढे काचेवर काळपट, चकचकीत डाग धरतो. पण जस्तात किंवा तेजाबातच सोमल असला तर? म्हणून आधी पोटाचा अर्क न घालता सगळं तसंच चालवून बघायचं. याला तो ‘कोरी परीक्षा’ म्हणायचा. कोरी स्वच्छ निघाली की अर्क ओतायचा, आणि तितकाच तेजाब, तितकाच वेळ. वेळ तो वाळूच्या घड्याळाने मोजायचा, कारण साधी घड्याळं त्या वाफांत गंजून मरायची.

त्या रविवारी कोरी परीक्षा स्वच्छ निघाली होती. मग अर्क ओतताना त्याने तेजाब भरपूर घातला होता, पुन्हा उठायला लागू नये म्हणून. घड्याळ उलटं करून खुर्चीत टेकला. डोळे उघडले तेव्हा वाळू खाली आली होती आणि नळीवर डाग होता. बाहेर ऑगस्टचा लांबलचक दिवस, उजेड होता तसाच होता. आपण पापणी मिटली तेवढ्यात परीक्षा झाली, असं त्याला वाटलं. एवढंच नव्हे, चला, एक बरणी संपली, म्हणून त्याला बरंही वाटलं होतं. वाळू कधी संपली हे काही घड्याळ सांगत नाही.

आता त्याने नवी बाटली मांडली. जस्त टाकलं, तोच तेजाब रविवारी ओतला होता तितकाच ओतला, आणि दुसरं काहीच घातलं नाही. टॅबिथा विणकाम घेऊन त्याच्या मागोमाग आली होती. तिला त्याने स्टुलावर बसवलं.

“मी झोपलो तर हलव मला,” तो म्हणाला. “दया करू नको.”

घड्याळ त्याने उलटं केलं, पुन्हा उलटं केलं. दुपार झाली. टॅबिथाने त्याला दोनतीनदा कोपराने ढोसलं. बराच वेळ नळी स्वच्छ होती आणि त्याच्या जिवात जीव येत चालला होता. मग काचेवर धुरकट कडा दिसली. ती गडद होत होत काळी झाली आणि चमकायला लागली.

“हे कुणाचं पोट?” टॅबिथाने विचारलं.

“कुणाचंच नाही. नुसता तेजाब.”

“तेजाबात सोमल?”

“थोडासा. सिसिलीचा गंधक महाग पडतो म्हणून हल्ली कारखानदार खाणीतल्या पिवळ्या दगडातून तेजाब काढतात. त्या दगडात सोमल असतो. थोडा तेजाब घेतला, थोडा वेळ चालवला, तर दिसत नाही. ढीगभर ओतून मी घोरत पडलो, तर दिसणारच.”

टॅबिथाच्या सुया थांबल्या. “मग नेडच्या पोटात विष नव्हतंच?”

“असेलही. नसेलही.”

“परत करून बघा की.”

“कशावर करू? निम्मा अर्क राखून ठेवावा, हे मीच पोरांना ओरडून ओरडून शिकवतो. त्या दिवशी दोनदा मांडामांड करायचं माझ्या जिवावर आलं. सगळा एकदम ओतला.”

टॅबिथा उठून नळीजवळ आली. बाई प्रामाणिक होती, रविवार न चुकवणारी होती. पण नवरा होता तिचा.

“अहो, मी चहा आणलाच नव्हता,” ती हळूच म्हणाली. “मी काही पाहिलं नाही.”

“टॅबिथा.”

“नाही, ऐका माझं. मी झोपलो होतो असं तुम्ही कोर्टात बोललात की झालं. आजवर तुमच्या शब्दावर जे फासावर गेले, त्यांचं काय? लोक म्हणतील, तेव्हाही म्हातारा झोपला असेल. त्यांच्या आया येऊन बसतील आपल्या पायरीवर. त्यांना तोंड कोण देणार? तुम्ही तर खोकत बसाल, दार मलाच उघडायचंय.”

तिचं काही चुकत नव्हतं. ऑर्मरॉडने दिवा बंद केला. त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं, वाद घालायचं तर नाहीच नाही.

“गप्प राहिलो तर ती फासावर जाईल,” तो म्हणाला. “आणि मला त्या रात्री झोप येणार नाही असं वाटत असेल तुला. मला भीती उलटीच वाटते. मी इतका दमलोय, टॅबिथा, की मला झोप लागेल. अगदी गाढ लागेल.”

टॅबिथाने विणकाम पिशवीत कोंबलं. “माझाही कोट काढते,” ती म्हणाली. “एकटे जाऊ नका.”

लँकेस्टरच्या किल्ल्याचा चढ चढताना त्याला दोनदा भिंतीला टेकावं लागलं. कोर्टात गर्दी मावत नव्हती. प्रेस्टनच्या शेजारणी चीज-पाव बांधून घेऊन आल्या होत्या आणि सर्कस बघायला बसावं तशा बसल्या होत्या. हॅना थ्रेलफॉल पिंजऱ्यात उभी होती, उंच, हाडकुळी, हात कठड्यावर. तिने रडावं अशी सगळ्यांची अपेक्षा होती आणि ती रडत नव्हती. त्यामुळे तिच्याबद्दलचं मत आणखीच वाईट झालं होतं.

सरकारतर्फे मिस्टर स्टँडिश होते. ऑर्मरॉडला त्यांनी आजवर कितीदा तरी साक्षीला उभं केलं होतं आणि दर वेळी काम लोण्यातून सुरी फिरावी तसं झालं होतं.

“मास्तर, मयताच्या पोटाच्या अर्कात तुम्हाला सोमल सापडला?”

“नळीवर सोमल सापडला. तो पोटातला होता की माझ्या तेजाबातला, हे मला सांगता येत नाही.”

स्टँडिश कागद चाळत होते, ते थांबले. “तुम्ही लेखी दिलंय.”

“दिलंय. ते चुकीचं आहे. परीक्षा चालू असताना मी झोपलो होतो.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग मागच्या बाकावरून कुणी तरी घोरल्याचा आवाज काढला आणि सगळं कोर्ट खो खो हसत सुटलं. जज्जसाहेबांनी टेबल आपटलं तरी हसू थांबेना. ऑर्मरॉड कठडा धरून उभा राहिला. शरमेने त्याचे कान तापले होते. हसू विरल्यावर त्याने तेजाबाचं, वाळूच्या घड्याळाचं, काल काढलेल्या डागाचं सगळं सांगितलं. राखून ठेवलेला अर्क नाही, हेही सांगितलं.

स्टँडिशचा चेहरा लालबुंद झाला होता. “कमाल आहे. आणि मास्तर, ही तुमची पहिलीच डुलकी का?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“झोपलेल्याला आपण झोपलो हे कळत नाही, साहेब. या खेपेला बायको चहा घेऊन आली म्हणून कळलं.”

“आणि आधीच्या खटल्यांत? मी तुम्हाला इथेच उभं केलं होतं. माणसं लटकली आहेत त्यावर. तेव्हा जागे होतात?”

आता कुणी हसत नव्हतं. ऑर्मरॉडने आठवायचा खरंच प्रयत्न केला. बाटल्या आठवल्या, खुर्ची आठवली, संपलेली वाळू आठवली. प्रत्येक वेळी वाळू संपलेलीच होती.

“मला वाटत होतं, जागा होतो,” तो म्हणाला. “शपथेवर नाही सांगू शकत.”

स्टँडिश मटकन खाली बसले. त्यांचंही वय झालं होतं, हे ऑर्मरॉडला तेव्हा प्रथमच दिसलं.

ज्यूरी बाहेरसुद्धा गेली नाही. तिथल्या तिथे डोकी जुळवली आणि हॅना थ्रेलफॉल सुटली. शेजारणी फसवल्यासारख्या उठून गेल्या.

ऑर्मरॉड बाहेरच्या पायरीवर बसला होता. टॅबिथा पाणी आणायला गेली होती. हॅना आपलं बोचकं घेऊन बाहेर आली, त्याला पाहून थबकली, आणि आभार मानायला आली असं वाटून त्याला अगदी संकोच झाला.

“मास्तर,” ती म्हणाली, “आता इथे कुणी नाही. मला एकटीला खरं सांगा. त्याच्या पोटात होतं का?”

ऑर्मरॉडने सरकून तिला पायरीवर जागा करून दिली.

“मी नाही घातलं,” ती म्हणाली. “पण ती बशी खिडकीत होती. तो रात्री अंधारात उठून मिळेल ते पाणी प्यायचा. शंभरदा सांगितलं होतं त्याला. कोठडीत मी रोज तेच म्हणत होते, त्याने प्यायलं की नाही, तुम्हाला कळेल. फाशी तर फाशी, पण तुम्ही सांगाल. रोगाने गेला असेल तर मी घरी जाऊन रडेन. माझ्या बशीने गेला असेल तर… मला कळायला नको का?”

“मला नाही सांगता येत,” तो म्हणाला.

“मग परत बघा. मी थांबते. कितीही दिवस थांबते.”

“बघायला काही उरलं नाही, बाई.”

“थेंबभरसुद्धा?”

“सगळं ओतून टाकलं मी.”

मग हॅना थ्रेलफॉल त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि रडायला लागली.