पहाडावरची मारबत

चिखलदऱ्याला आल्यापासून माझ्या नाकातून ओल्या पायमोज्याचा वास गेलेला नाही. उशीला तोच वास, टॉवेलला तोच, डब्यातल्या पापडांनाही तोच. कपाट उघडावं तर साड्यांच्या घड्यांवर पांढरी बुरशी, आणि चपला चार दिवस पायात घातल्या नाहीत तर त्यांना हिरवी लव फुटते. माझी सून करिष्मा रोज सकाळी दार उघडून लांब श्वास घेते आणि म्हणते, आई, किती फ्रेश वाटतं ना. मी मान हलवते. या पोरीचं नाक तपासून घ्यायला हवं, असं मला रोज वाटतं.

माझा मुलगा सौरव कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं ते पुन्हा ऑफिसात गेलंच नाही. कुणा मित्राचे पहाडातले व्हिडिओ बघून बघून याच्या डोक्यात पहाड शिरला. एप्रिलमध्ये नागपूर तापायला लागलं तसा तो माझ्या मागे लागला. माझे यजमान बाबाराव गेल्यापासून प्रतापनगरच्या घरात मी एकटीच होते. उन्हाळ्यापुरती चल, हवा बदलेल, म्हणाला. मी दोन सुती साड्या जास्तीच्या घेतल्या आणि निघाले. उन्हाळा संपला, आषाढ गेला, श्रावण सरत आला, तरी परत जायचं कुणी नाव काढेना. मी विचारलं की, बघू, पाऊस कमी होऊ दे, असं उत्तर यायचं.

मग मागच्या सोमवारी चहा पिताना सौरवने सांगितलं की प्रतापनगरचं घर त्याने भाड्याने दिलंय. चांगली फॅमिली आहे, रविवारी सामान घेऊन येतील, किल्ली शेजारच्या यमुताईंकडे आहेच. गॅसचा नंबर लावल्याचं सांगावं त्या सुरात त्याने हे सांगितलं आणि बिस्किट चहात बुडवलं. घर माझ्या नावावर आहे. मी आणि बाबारावांनी त्याच्या पायाच्या विटांवर स्वतः पाणी मारलंय. माझा घसा इतका कोरडा पडला की तोंडातून शब्द निघाला नाही, आणि आमच्या घरात जो गप्प राहिला त्याने होकार दिला असं धरतात. तेव्हापासून रविवार माझ्या छातीवर बसला होता. एकदा परकी माणसं आत शिरली की मला नागपूर संपलं, एवढं मला कळत होतं.

आणि हे सगळं कशासाठी, तर या पहाडासाठी. इथलं यांचं जगणं एकदा जवळून बघावं माणसाने.

सौरवचं काम म्हणजे दिवसभर नेटवर्क शोधणं. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून नरखेडचा माणूस कलकत्त्याशी जोडून द्यायचे, आणि तोही पावसाळ्यात. माझ्या पोटचा पोरगा लॅपटॉप छातीशी धरून पाण्याच्या टाकीवर चढून बसतो, वर छत्री, आणि ‘हॅलो, माझा आवाज येतोय का’ एवढंच तासभर बोलतो. ऑफिसचे लोक त्याला पडद्यावर बघतात तेव्हा त्याच्यामागे हिरवागार पहाड दिसतो. तो इथला नाहीच. आजूबाजूला धुक्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून त्याने दुसऱ्याच कुठल्या तरी पहाडाचं चित्र मागे लावलंय. पहाडावर बसून खोटा पहाड दाखवायचा, याला काय म्हणावं?

करिष्माचं वेगळंच. तिने परतवाड्याहून मातीची चूल आणवली. स्वयंपाक होतो गॅसवरच, पण व्हिडिओ चुलीवर होतो. ओली लाकडं पेटत नाहीत, धूर होतो, आणि त्या धुरात मला बसवून फुंकणी हातात देतात. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतं आणि ही म्हणते, तसंच राहा आई, खूप छान येतंय. खाली काहीतरी लिहिते, संथ आयुष्याबद्दल. भाकर कच्चीच राहते. ती नंतर वानरांना घालतात आणि त्याचाही व्हिडिओ करतात.

शनिवारी तर अर्धं नागपूर वर चढतं. गाड्यांच्या रांगा, गाड्यांत मोठमोठी गाणी. पॉइंटवर धुक्यामुळे हातभर अंतरावरचं दिसत नाही, तरी कठड्याला टेकून सगळे त्या पांढऱ्या भिंतीसोबत फोटो काढतात. पोट सुटलेले बाप्ये ओल्या बनियनवर धबधब्याखाली नाचतात, चघळलेली कणसं आणि कुरकुऱ्यांची पाकिटं तिथेच टाकतात, आणि जाताना म्हणतात, निसर्ग तो निसर्ग. आपलीच माणसं, आपलीच बोली, आणि मला त्यांची किळस येते. घरी हीच माणसं चपला बाहेर काढल्याशिवाय आत येऊ देत नाहीत.

अशात पोळा आला. पोळ्याच्या दुपारी करिष्मा फोन बघता बघता म्हणाली, आई, उद्या मारबत ना, तुमच्या गावाकडे काय करायचे? माझं माहेर नरखेडकडचं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत माझ्या आयुष्यातलं कुणी काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं, नागपुरात मारबतींच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, पण आमच्या गावात घरोघर पोळ्याच्या संध्याकाळी दाराशी पळसाची फांदी ठेवायचे, तीच मारबत. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती घराच्या कोनाकोपऱ्यातून फिरवायची, ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत असं ओरडत शिवेपर्यंत न्यायची, तिथं टाकायची, हातपाय धुवून घरी यायचं. रोगराई, ढेकूण, डास, भांडणं, सगळं तिच्यासोबत बाहेर. करिष्माचे डोळे चमकले. म्हणाली, आपण करू या. मीच मग मागच्या उतारावर जाऊन पळसाची फांदी तोडून आणली आणि दाराशी उभी केली.

सकाळी धुकं एवढं होतं की अंगण संपतं कुठे ते दिसत नव्हतं. करिष्मा फोन घेऊन तयार, तिच्यामागे सौरव. मी फांदी उचलली. आधी गॅसमागून फिरवली, मग पलंगाखालून, मग कपाट उघडून आत घातली. रोगराई घेऊन जाय गे मारबत, म्हटलं. ढेकूण-मोंगसे घेऊन जाय गे मारबत. आवाज सुरुवातीला लाजत होता. कपाटातल्या साड्या दिसल्या आणि मग तो मोकळा झाला. बुरशी घेऊन जाय गे मारबत. ओला वास घेऊन जाय. धूर घेऊन जाय, खोटा पहाड घेऊन जाय, हॅलो-हॅलो घेऊन जाय गे मारबत. मी ओरडत ओरडत अंगण ओलांडलं, रस्त्याला लागले, वस्ती संपते त्या वळणावर पोचले आणि होती नव्हती ती ताकद लावून फांदी खाली नालीत फेकली. लहानपणी फेकायचे तशीच. मला रडू येईल असं वाटलं, इतकं हलकं वाटलं. रविवारचं सांगायला आता घसा कोरडा पडणार नाही, आत्ताच सांगते, असा विचार करून मी वळले.

मागून करिष्मा आली. व्हिडिओत सगळं पांढरंच आलंय, म्हणाली, आणि तुम्ही फार चिडलेल्या दिसता. तोवर सौरव नालीत उतरलाही होता. त्याने फांदी उचलली, चिखल झटकला आणि ती खांद्यावर टाकून सरळ घराकडे निघाला. मी हाक मारीपर्यंत तो उंबरा ओलांडून आत गेला. मी धावले. दारातून बघते तर त्याने ती कपाटात परत ठेवली होती, माझ्या साड्यांवर. नालीचं काळं पाणी साड्यांवरून ओघळत होतं.

“चल आई, इथूनच पुन्हा काढू. आता जरा हसून कर,” तो म्हणाला.

“काय केलं तू, समजते का तुले? काढलेली पीडा घरात आणली तू.”

“अगं, फांदीच तर आहे. एक टेक अजून, मग नाश्ता करू.”

त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे खरंच काही नव्हतं. चेष्टा नाही, अपमान करायचा बेत नाही. त्याला ते कळलंच नव्हतं. जन्मभर नागपुरात वाढला, दरवर्षी बाबारावांच्या खांद्यावर बसून मारबत बघितली, आणि बाहेर टाकलेलं परत घरात आणू नये एवढं याला कळत नाही. रविवारचंही असंच होतं. माझं घर काढून घेताना त्याला आपण काही घेतोय असं वाटलंच नव्हतं. मला त्याची शिसारी आली. आपल्या पोराची येते का कुणाला? मला आली.

मी उंबऱ्याच्या बाहेर होते. आत पाऊल टाकावं असं पायाला वाटेना. नोकरीत असल्यापासून पाकीट आणि फोन मी कमरेलाच खोचून ठेवते, तेवढं अंगावर होतं. मी उतरणीला लागले. एसटी स्टँडवर अमरावतीची गाडी चालू उभी होती. मी चढले आणि पुढच्या बाकावर बसले.

गाडी हलायच्या आत सौरव पळत आला. पळण्याच्या घाईत त्याच्या हातात ती फांदी तशीच होती. त्याने दाराच्या पायरीवर पाय ठेवला तसा कंडक्टर आडवा झाला. दर्यापूरकडचा असावा, बोलण्यावरून तसं वाटलं.

“भाऊ, ते घेऊन वर नोका चढू. मारबत गाडीत नाई घेत आम्ही.”

मागच्या एका म्हातारीने पाय वर ओढून घेतले. सौरव खाली उतरला आणि माझ्या खिडकीशी आला. लोकं बघत होती म्हणून हळू आवाजात म्हणाला, “आई, उतर ना. रविवारी ते लोकं येऊन राहिले. तू राहशील कुठं?”

“माह्या घरात.”

“पण मी त्याईले शब्द देऊन बसलो.”

“घर माहं अन् शब्द तुहा. असं कसं रे, बाबू? त्याईले फोन कर अन् सांग, घरमालकीण घरी आली म्हणून.”

त्याने फांदी खाली टाकायला बघितलं तर चहाच्या टपरीवाला ओरडला, माझ्या दुकानापुढे नको. तो रिक्षांच्या बाजूला सरकला, तिथूनही त्याला हाकललं. गाडी निघाली तेव्हा तो स्टँडच्या मधोमध उभा होता, आणि ती टाकायची कुठे हे त्याला कुणी सांगत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

कंडक्टरने अर्धं तिकीट हातात दिलं. घाट उतरता उतरता धुकं विरळ झालं, फोनला रेंज आली आणि तो थरथरायला लागला. सौरव, सौरव, करिष्मा, सौरव. मी ते सगळं बाजूला सारून यमुताईंना लावला. म्हटलं, किल्ली कुणाला देऊ नका, मी येऊन राहिली. यमुताई म्हणाल्या, त्या फॅमिलीतली बाई परवा घर बघून गेली, तुमची देवाची देवळी काढून तिथं फ्रिज ठेवायचं म्हणत होती, मले तर कसंसंच झालं. आणि मग जरा घाईने म्हणाल्या, “बाई, घर तर चार-पाच महिन्यांचं बंद हाय. मोठी धूळ झाली. रुपरावच्या बायकोले सांगून पुसून ठेवते.”

“नोका वं यमुताई,” मी म्हटलं. “काही पुसू नोका. माह्या घरची धूळ हाय, मीच येऊन पुसते म्हणलं तर पुसीन, नाई तर बसीन तिच्यातच.”