लाल रेघेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना काचेचा मापाचा पेला आहे. मापाच्या पेल्याला निदान स्वतःचं माप तरी माहीत असावं, अशी लोकांची समजूत असते. माझीही होती. आता नाही. तेव्हा सांगताना कुठं अडखळलो तर सांभाळून घ्या. मी गोंधळलेलो आहे, आणि काचेचा असल्यामुळे ते लपवूही शकत नाही.

माझा जन्म भट्टीतला. साच्यातून निघालो तेव्हा एका बाजूला दांडा होता, दुसऱ्या बाजूला चोच. मग अंगावर पांढरे आकडे छापले गेले. तपासणाऱ्या बाईनं मला उजेडात धरलं, गर्रकन फिरवलं आणि म्हणाली, "चालेल." याहून मोठी स्तुती पुढं माझ्या वाट्याला फारशी आली नाही.

दुकानात मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं उचललं. तिनं दुकानदाराला विचारलं, "याचे आकडे जातील का हो?" दुकानदार म्हणाला, "आकडे जातील, पेला नाही जायचा." असा खरं बोलणारा दुकानदार मी पुन्हा पाहिला नाही. बाई हसली आणि मला घरी घेऊन आली. तिला दोन मुली होत्या. त्या तिला आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो.

माझी कामाची वर्षं धावपळीची गेली. सकाळी दूध, दुपारी पीठ, कुणी आजारी पडलं की औषधाचा काढा. एकदा मुलींच्या वडिलांनी माझ्यात केसांचा कलप कालवला, त्याबद्दल मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही. पण माझा मानाचा दिवस वर्षातून एकदाच यायचा. आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आई चॉकलेटचं गोड करायची. चॉकलेटचे तुकडे गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचे, त्यात फसफसणारी वाईन घालायची, फेटलेलं क्रीम हलक्या हातानं मिसळायचं आणि वाट्या भरून दोन तास फ्रीजमध्ये ठेवायच्या. लहान मुलींच्या वाट्यांत वाईनच्या जागी दूध. तुम्हीही लहान असाल तर तुमच्या वाटीतही दूधच, आधीच सांगून ठेवतो. आई म्हणायची, "हे इतकं सोपं आहे की बिघडवायला डोकं लागतं."

घासण्यानं माझे आकडे जाऊ लागले, तेव्हा आईनं नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या अंगावर एक लाल रेघ ओढली. वाईन इथपर्यंत. तेवढंच माप तिला हवं होतं.

आता माझा पहिला गोंधळ. बाबा बाटली उघडायचे, बूच छताला लागायचं, आणि सगळे वर बघत असताना आई ओट्याकडे वळून मला लाल रेघेपर्यंत भरायची. मग मी थोडा कलायचो, पुन्हा सरळ व्हायचो, आणि त्यानंतर चॉकलेटमध्ये रिकामा व्हायचो. मी सवयीनं मोजून ठेवायचो. भरलं, रेघेपर्यंत. ओतलं, रेघेपेक्षा दोन बोटं कमी. फरक कुठं गेला? पुष्कळ विचार करून मी ठरवलं, बुडबुडे. या वाईनला फेस येतो आणि फेस बसतो. मधलं ते कलणं म्हणजे आई वास घेत असणार. हिशेब जुळला. जुळलेल्या हिशेबाकडं पुन्हा कोण बघतं?

वर्षं गेली. बाबा गेले. थोरल्या मुलीचं लग्न झालं आणि आई तिच्याकडे राहायला आली, मीही आलो. थोरलीकडे आकडे दाखवणारा वजनकाटा होता, त्यामुळे मला पेनं ठेवायला टेबलावर नेलं. पेनं, एक कात्री आणि एक संपलेला सेल. मित्रांनो, ज्यानं वाईन मोजली त्यानं सेल सांभाळावा, याला काय म्हणावं?

याच सुमारास आईचंही माप हरवलं. ती वार विसरली, घराचा नंबर विसरली, थोरलीला "तुम्ही कोणाकडे आलात?" असं विचारू लागली. एकदा गॅस चालू राहिला. त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून कडी लागली. मग आईनं खाणंच सोडलं. समोर ताट ठेवलं की ती नम्रपणे म्हणायची, "नको, मी घरी जाऊन जेवते."

डॉक्टर म्हणाले, सोमवारी वजन करू. आणखी उतरलं असेल तर दवाखान्यात ठेवून नाकातल्या नळीनं भरवावं लागेल. थोरलीनं विचारलं, "आई, तुला काय खावंसं वाटतंय?" आईनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ते चॉकलेटचं."

थोरलीनं डॉक्टरांना फोन करून विचारलं, एखादी वाटी चालेल म्हणाले. पेनं काढून तिनं मला घासलं. रेघ पुसट झाली होती, पण होतीच. तिनं वाईन ओतली, फेस बसू दिला, पुन्हा बरोबर रेघेपर्यंत भरलं आणि सगळी चॉकलेटमध्ये घातली. दोन तासांनी वाट्यांमध्ये गोड नव्हतं, सूप होतं. आईनं चमचा ओठांना लावला आणि खाली ठेवला. "हे ते नाही."

दुसऱ्या दिवशी थोरलीनं चॉकलेट वाढवलं. ते असं घट्ट झालं की तिच्या नवऱ्यानं चमचा उभा करून दाखवला. "हे ते नाही," आई म्हणाली. तेवढं मात्र तिला नक्की कळत होतं.

शनिवारी धाकटी आली. बॅग दारातच टाकून तिनं मला उचलून डोळ्यांसमोर धरलं.

"ताई, ही रेघ तू परत मारलीस?"

"पुसट झाली होती. आहे त्याच जागी मारली."

"वर मारलीस."

"अगं, मी काय आंधळी आहे?"

"आंधळी नाहीस, पण तुझं सगळं थोडं वरच असतं."

थोरलीचा नवरा हळूच म्हणाला, "वजनकाटा वापरून बघू या का?" दोघींनी एकदम म्हटलं, "तुम्ही गप्प बसा." एवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

रेघ सरकली होती का? मला विचाराल तर, मला माहीत नाही. नेलपॉलिशवर नेलपॉलिश चढली होती, आणि आपल्याच पाठीवरची रेघ कुणाला दिसते? पण माझ्याकडं बुडबुड्यांचा सिद्धान्त होता. मला ओरडून सांगायचं होतं, बायांनो, फेसासकट ओता. योगायोगानं धाकटीनं नेमकं तेच केलं. मी मनात म्हटलं, आता बघा. दोन तासांनी वाट्या बाहेर आल्या. सूप जरा दाट झालं होतं, इतकंच.

त्या रात्री मी ओट्यावर पालथा पडलो होतो. रेघ खरी, की मी खरा, की दोघंही खोटे, काही कळेना.

रविवारी शेवटची बाटली उघडली. थोरलीनं मला रेघेपर्यंत भरून ओट्यावर ठेवलं आणि दोघी पुन्हा भांडू लागल्या. नवरा क्रीम आणायला बाहेर पडला आणि जाताना दार लोटून घ्यायचं विसरला. दारात आई उभी राहिली.

"आई, तू बस ना बाहेर, इथं गरम आहे," थोरली म्हणाली.

आईनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. वितळलेल्या चॉकलेटच्या भांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा हात माझ्या दांड्यावर असा आला जसा तीस वर्षं येत होता. तिनं मला उचललं. मी कललो. पण या वेळी सगळे छताकडं नव्हे, आमच्याकडं बघत होते. आईनं मला तोंडाला लावलं, डोळे मिटून दोन बोटं वाईन प्यायली, पालथ्या हातानं ओठ पुसले आणि उरलेली चॉकलेटमध्ये ओतली.

दोघींचं भांडण तिथंच थांबलं. माझा बुडबुड्यांचा सिद्धान्तही.

"आई," धाकटी म्हणाली, "तू दर वर्षी असंच करायचीस?"

"करणाऱ्याचा घोट आधी," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "बाबांना सांगू नका. त्यांना वाटतं मी तोंडसुद्धा लावत नाही."

थोरली खाली मान घालून चॉकलेट ढवळत राहिली. बरीच जास्त ढवळली. शेवटी धाकटीनं तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि म्हणाली, "ताई, रेघ बरोबर होती गं."

दुपारी वाट्या बाहेर आल्या. गोड छान बसलं होतं, चमच्यावर टिकत होतं. आईनं एक घास घेतला. आम्ही वाट बघत होतो. तिनं दुसरा घेतला, वाटी संपवली, आणि धाकटीच्या वाटीकडे बघून विचारलं, "तुम्ही खाणार आहात का ते?"

सोमवारी काटा पूर्वीच्याच आकड्यावर थांबला. वाढला नाही, पण उतरलाही नाही. डॉक्टर म्हणाले, "चालेल. नळी नको. जे देताय तेच देत राहा." मित्रांनो, 'चालेल' हा शब्द मी ओळखतो. त्याची किंमत मला माहीत आहे.

आता स्वयंपाकघराला कडी नाही. गॅसची चावी थोरलीच्या खिशात असते आणि आईची खुर्ची ओट्याशेजारी. रोज वाईन नसते, पण भाजी शिजली की पहिला चमचा आईच्या हातात जातो. ती चाखते, आणि चाखता चाखता निम्मी वाटी जेवते. मधूनच ती माझ्याकडं बघून विचारते, "हा पेला कोणाचा?" थोरली सांगते, "तुझाच." आईला ते पटत नाही. खरं सांगू, गोंधळ तिचाही मिटलेला नाही आणि माझाही. मी तीस वर्षं बुडबुड्यांच्या नावावर जे लिहिलं, ते खोडून आईच्या नावावर लिहिलं आहे, एवढंच.

तुमच्याही घरात असा एखादा रेघ मारलेला जुना पेला असेल. त्याला टाकू नका, घासताना रेघेवरून हात हलका फिरवा. पण नुसत्या रेघेवर विसंबू नका. जिनं ती ओढली ती अजून घरात असेल, तर तिला दाराबाहेर बसवू नका. पेला भरा आणि आधी तिच्या हातात द्या.